बियाण्याचे बटाटे

चिलोएहून बोट सुटण्याआधी एदुविहिसने
सगळं वाटून टाकलं :
कोंबड्या बहिणीला, माग पुतणीला,
आणि मला एक गोणी,
जांभळ्या बटाट्यांचं बियाणं,
तिच्या आईकडून आलेलं.
"मला आता काय करायचंय पेरून?"

फिल्मवर, डाव्या फुप्फुसात,
अक्रोडाएवढं पांढरं काहीतरी.
पुएर्तो मोन्तच्या डॉक्टरने
कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही,
फक्त मुलाला बाहेर बोलावलं.
तेवढं पुरलं.

कापून पाहिलं, तर कूर्चा.
थोडी चरबी.
कानात असते तसली कूर्चा,
वाट चुकून छातीत वाढलेली,
कुणाचं काही न बिघडवता.

तीन आठवड्यांनी ती माझ्या दारात,
बरगडी हाताने धरून.
"छातीत कान होता म्हणे मला.
काय ऐकत बसला असेल एवढी वर्षं?"
हसायला गेली,
टाक्यांनी हसू दिलं नाही.

मग तिला गोणी दिसली,
रिकामी, घडी घालून खुंटीवर.
मी नुसताच नखांतली माती कोरत राहिलो.

कुंपणाशी जाऊन ती बघत राहिली
माझं काळं रान,
जिथे अजून काहीच वर आलं नव्हतं.

"बहिणीने दोन कोंबड्या रांधल्यासुद्धा," म्हणाली.
"तू निदान पेरलंस."