चार ठिपके

याल्मारी टॉर्मा पाट्या लिहायचा, अस्टोरियात,
जिथं नदी समुद्राला मिळते
आणि धुकं जेवणवेळेपर्यंत उठत नाही.
‘ताजा साल्मन.’ ‘कॉफी दहा सेंट.’
‘जाळी विणून मिळतील, मागच्या दारी या.’
पेन्सिलीची रेघ नाही, मोजपट्टी नाही,
मनगट असं सैल
की कुणी आत न येता
दारातूनच हाक मारून जावं.

मी त्याची पोर. रंग ढवळायचे.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापांची
करंगळी एका कडेनं काळी असते.

शिकागोहून एक माणूस आला, ओल्या टोपीचा.
म्हणाला, तुमचा हात विकत घ्यायचाय.
आई म्हणाली, न्या की,
नाहीतरी लाकडं फोडायला तो कुठं उपयोगी पडतो.

अकरा रात्री तो एकेक अक्षर लिहीत बसला
आणि जमेना.
पुढं ओ येणार की ई, हे कळल्याशिवाय
आरनं पाय टेकायचा कुठं?
शेवटी तो अख्खा शब्द लिही,
कात्रीनं हवं ते अक्षर काढून घेई.
सकाळी चुलीपुढं ढीग:
दात पडलेले शब्द.

दोनशे चाळीस डॉलर आले. सौनाचं छप्पर झालं.
मग छापील नमुना आला, घडी घातलेला.
नाव ठेवलं होतं कुठल्याशा मुलीचं,
आमच्यात तिला कुणी ओळखत नव्हतं.
एका ओळीत आठ ई,
आठही हुबेहूब.
‘ही दमत नाहीत कधी,’ एवढंच बोलला.

ठिपकेवाला ओ नव्हता, ठिपकेवाला ए नव्हता.
पत्रात लिहिलं होतं: मागणी नाही.

पुढं तो हात मला कुठंकुठं भेटला.
मोटेलवर, सोड्याच्या बाटलीवर,
परगावच्या एका दाताच्या डॉक्टरकडं,
‘काळजी नको’ म्हणत, हसत.
आमच्या किराणावाल्यानंही छापील पाट्या मागवल्या.
बाबा तिथूनच कॉफी आणत राहिला.

तो गेला तेव्हा छापखान्यातल्या पोरानं
मायेनं, न विचारता,
कार्डावर त्याचं नाव त्याच्याच अक्षरात जुळवलं.
पण ठिपक्यांविना.
आमच्या भाषेत ते नाव म्हणजे
नदीकाठचा उंच कडा.
ठिपके काढले की काहीच नाही,
नुसता आवाज.

आईनं त्याचा कुंचला सौनातल्या कोमट पाण्यात
रात्रभर भिजत घातला.
आयुष्यात कधी तो तिनं हातात धरला नव्हता.
शहाऐंशी कार्डं. प्रत्येकावर चार ठिपके,
दोन ओवर, दोन एवर.
कुठं टपोरे, कुठं ओघळलेले,
एकासारखा दुसरा नाही.

एका कार्डावर चुकून आरच्या डोक्यावर पडले.
ती ते फेकायला निघाली होती.
माझ्याकडं आहे ते.