चौथाई वळण

हामरफेस्टला राग्नफ्रिड समुद्रतळाचे नकाशे काढते.
आधी तीन पडदे होते. मान सारखी वळायची,
कुणी हाक मारल्यासारखी.
तिसरा तिनं शेजारच्या ओद्वारला देऊन टाकला,
तो त्यावर बुद्धिबळ खेळतो. हरतो.

उरले दोन.
रुंद पडद्यावर खोलीचे आकडे, नजरेच्या रेषेत, हातभर लांब,
बुडाशी टेकू म्हणून जुनी टेलिफोन डिरेक्टरी.
उभ्यावर पत्रं, हवामान,
आणि कोपऱ्यात बोटभर खिडकी: बंदरावरचा कॅमेरा.
बाकी सगळं मिटलेलं.
खिडकीवर खिडकी रचली
की खालची रुसते, म्हणते ती.

दोन महिने सूर्य नव्हता.
पाठीमागची खरी खिडकी
भिंतीतच जमा होती.
आज साडेअकराला
पंचेचाळीस मीटर खोलीवर ऊन पडलं.
आकडे गेले.

पडदा ओढून पडदा वाचला असता.
पण तिनं तारा सोडवल्या,
गुडघ्यानं ढकलत टेबल चौथाई फिरवलं,
आता खिडकी डाव्या हाताला.
लाकडी जमिनीवर चार फिकट ठसे उघडे पडले.

सगळं पुन्हा जोडून होईतो
ऊन डोंगरामागे गेलंही.

राहू दे, म्हणाली, डावा कान चोळत.
उद्या जरा जास्त थांबेल.