साडेपाच तास

अंबडच्या वजनकाट्यावरून उगलेबाईंचा फोन:
"घड्याळ परत मागे गेलंय. या."
गेलो तर पाणीसुद्धा न विचारता
पावतीच पुढे केली.
पत्र्याचा ट्रक रात्री अकरा चाळीसला आत,
त्याच रात्री नऊ चाळीसला बाहेर.
"येण्याआधीच गेला," बाई म्हणाल्या,
"आणि भरून गेला."

पहिला संशय नेहमीचा,
मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर.
मेन रोडवरून घेतलेला नवा खिशातच होता,
तीस रुपयांचा. बसवला.
बसवताना कळत होतं, हा तो आजार नाही.
सेल मेला की मशीन सरळ दोन हजार नऊमध्ये जाऊन बसतं.
हे फक्त साडेपाच तास मागे,
रोज तेवढंच,
मोजून मागे.

मग टाइम झोन उघडला.
चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली.
नाशिक त्या यादीत कधीच नसतं,
तरी आपण तिथलीच वेळ पाळतो, तक्रार न करता.
तो बरोबर होता.
इंटरनेटवरून वेळ मागवली, आली नाही.
फायरवॉलने दारातूनच परत पाठवली होती.
तिला वाट करून दिली, काटे जुळले.
बाईंनी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत उगाच एकदा रीस्टार्ट केलं.
काळ्या पडद्यावर, तीन सेकंद,
दोन नावं.
एक आपलं रोजचं.
दुसरं कुणी टाकलं?

त्याला पासवर्डही नव्हता.
आत एकच फोल्डर: रोहिदास अभ्यास.
सीच्या पस्तीस फायली, आणि एक प्रोग्रॅम,
बाबांच्या नाइट ड्युटीचे तास मोजणारा.
बाबा म्हणजे तुळशीराम भोये, पेठचा,
रात्री काटा सांभाळतो.
"पगार कापला त्याचा शेठनी," बाई हळूच म्हणाल्या,
"नऊ चाळीसनंतर एकही पावती नाही म्हणून.
झोपतो म्हणे."

तर असं होतं.
पोरगं बारानंतर आपलं जग चालू करायचं;
ते सेलपाशी ग्रिनिचची वेळ ठेवून जायचं,
साऱ्या दुनियेची असते ती.
मग आपलं रोजचं उठायचं
आणि तीच वेळ अंबडची समजून वाचायचं.
दोघांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं.
एका कोनाड्यात दोघांनी ठेवलेली किल्ली,
आणि कुणाचं कुलूप कुठलं ते ठरलेलं नाही.

पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं.
मी एक ओळ लिहिली:
यापुढे इथली वेळ इथलीच धर.
आणि त्या फोल्डरात एक फाईल ठेवली:
'घड्याळाला हात लावू नकोस.
तुझ्या प्रोग्रॅममध्ये बारा ओलांडले की तास उणे येतात.
तारीख पण मोज.'

कांकरिया शेठ आले. काय निघालं?
"सेल," मी म्हणालो. "तीस रुपये.
आणि महिनाभराच्या रात्रीच्या पावत्यांत
साडेपाच तास मिळवायला लागतील."
शेठनी तीस लगेच दिले.
मिळवायचं बघतो म्हणाले.
उगलेबाईंनी मात्र वही उघडली,
लाल पेन शोधायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन:
"नऊ वाजून दोन मिनिटं. बरोबर?"
माझ्या मनगटावर नऊ चार झाले होते.
बरोबर, म्हणालो,
आणि माझंच दोन मिनिटं मागे घेतलं.