अकलेचे तारे

डुलूथच्या वाचनालयाचं तळघर,
एप्रिलातल्या पुस्तकविक्रीचा शेवटचा दिवस:
पिशवीभर, एक डॉलर.
बाहेर सरोवरावर बर्फाच्या लाद्या अजून
एकमेकींना घासतायत,
आणि आत, लांबट टेबलावर,
सत्त्याण्णव सालच्या आयकर मार्गदर्शिकेला खेटून
मी.

म्हणजे माझं पुस्तक. पाठीवर पन्नास सेंटची चिठ्ठी.
पर्यायी रॉकचे अल्बम, ए ते झेड,
अकराशे नोंदी, त्यातल्या दोनशे सहा माझ्या,
एका उन्हाळ्यात उरकलेल्या,
शब्दाला आठ सेंट.
मी सव्वीसचा होतो. मला सगळं माहीत होतं.
काय टिकणार, कोण कुणाचं उसनं वाजवतंय,
कुठल्या गिटारीत जीव आहे
आणि कुठल्या गिटारीमागे नुसतेच केस.

'पर्यायी' हा शब्द आम्ही असा उच्चारायचो
की मुख्य रस्ता जणू आम्ही पाहिलाच नव्हता.
मग पर्यायावरच गर्दी झाली.
मॉलमध्ये फाटकी कार्डिगनं नव्या भावात आली,
आणि पुढच्या आवृत्तीत
प्रत्येकाचा अर्धा तारा कापायचं ठरलं.
आवृत्ती निघाली नाही. प्रकाशक बुडाला.
कापलेल्या अर्ध्यांचं काय झालं, विचारू नका.

पान दोनशे एकोणचाळीस.
पेपर फेरी: 'सॉल्ट फॉर द रोड्स'. दीड तारा.
"फरपटणारा ठेका, शेवाळलेला गळा.
पाच वर्षांनी हे नाव कुणाला आठवणार नाही."
खरं सांगतो, मी एकच बाजू ऐकली होती,
गाडीत, फार्गोच्या वाटेवर, हीटरच्या घरघरीत.
दुसरी बाजू टेपरेकॉर्डरने खाल्ली.

समासात पेन्सिल:
खोटं आहे. पुन्हा ऐक.
दीड खोडलेला, त्यावर साडेचार.
खाली निळी शाई, दोन हजार तीन:
आता मलाही कंटाळा येतो. तीन.
त्याच्याही खाली हिरवी, तारीख नाही:
दुसरी बाजू, तिसरं गाणं. बाकी जाऊ दे.
पहिल्या पानावर गोल अक्षरात नाव,
टेरिन किवेला, अकरावी.
पुस्तक इथवर कसं आलं, ते मात्र कुठल्याच शाईत नव्हतं.

"आत कुणीतरी गिरगटलंय," टेबलामागची बाई म्हणाली,
"चालेल ना?"
चालेल म्हणालो.
छापलेलं कुणी गिरगटलं होतं, ते सांगितलं नाही.

कॅसेट मँकेटोच्या एका माणसाकडून आली, टपालाने, सात डॉलर.
डेक निघाला शेजारच्या ऑर्विलच्या गॅरेजात,
रंगाचे शिंतोडे उडालेला.

ठेका फरपटतोच. तेवढं बरोबर होतं.
पण तिसऱ्या गाण्यात ड्रमर थांबतो तिथे
कुणीतरी खुर्ची सरकवतं,
ते तसंच राहून गेलंय,
आणि गाणारी, बहुतेक मागे वळून बघत,
पुढची ओळ जराशी उशिरा उचलते.
ऑर्विल म्हणाला, "बरं आहे,"
आणि हातातला पाना पुसत राहिला.
माझ्या जिभेवर तारे यायला लागले, सवयीने.
जन्मभर तेच तर तोडले.
चार म्हणू? साडेतीन?
तोवर गाणं संपलं.

तिच्या हिरव्या ओळीखाली मी पेन्सिलीने लिहिलं:
मे. धुकं. खनिजाचं जहाज आत आलं, पूल वर गेला,
भोंग्यात शेवटची ओळ बुडाली. परत लावली.

ऑक्टोबरात पुस्तक दानपेटीत टाकलं.
यंदा एप्रिलात ते त्याच टेबलावर होतं,
शेजारी आयकर नाही,
बिनतेलाच्या शंभर पाककृती.
नवी चिठ्ठी, पंचवीस सेंट.
क्रमवारी म्हणून पाहिलं
तर माझी काही तक्रार नाही.