साइडटोन

फोंड्याच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं
मी लोकांच्या बोलण्याखाली उभा राहिलो.
खांबावर, पक्कड दातांत,
ओल शिरलेले जॉइंट सोडवत.
तेव्हा माझ्या छातीत काही वाजत नव्हतं.

आता वाजतं.
पोफळींना पोय फुटली की सावईवेऱ्याचं कुळागर
हवेत एक पिवळट पीठ सोडतं.
दिसत नाही, पायरीवरून बोट फिरवलं तर लागतं.
आणि रात्री तीनच्या सुमाराला
माझ्या बरगड्यांआडून कोणीतरी शीळ घालतं,
नुकती जमायला लागलेल्या पोरासारखी,
एकाच सुरात, कंटाळा न येता.

बांबोळीला डॉक्टर एस्मेराल्दा कुलासो
केसपेपरच्या पाठीवर मेंदू काढते. बटाटाच तो.
बटाट्यापासून छातीपर्यंत एक रेघ.
"ही नस श्वासनळीला सांगते, आवळ.
रात्रीची जरा जास्तच बोलकी असते.
पण सांगताना स्वतःचं सांगणंही ऐकते,
टोकाशी एक कान आहे तिला.
पुरे झालं, असं ऐकू आलं की थांबते.
तुमच्या पेशी पराग हुसकायला धावून येतात,
नसेच्याच भोवती गर्दी करतात,
आणि त्यांच्या अंगातून सुटलेलं काहीबाही
त्या कानात जाऊन बसतं, मळासारखं.
नस बिघडलेली नाही हो.
तिला वाटतं, आपण अजून बोललोच नाही."

मी हसलो. खोकलो, मग परत हसलो.
बाई, काळ्या फोनमध्ये एक गुंडाळी असायची,
बोलणाऱ्याचा आवाज थोडासा
त्याच्याच कानात सोडणारी.
थोडासाच.
ती जळली की सभ्य माणूससुद्धा ओरडायचा.
म्हार्दोळचा एक फुलवाला, पुंडलीक,
जायांचा भाव मडगावला असा कळवायचा
की देवळातली घंटा वाजवणारा थबकायचा.
तक्रार लिहून दिली त्यानं: समोरचा बहिरा आहे.
मी त्याचाच फोन उघडला.
समोरचा ठणठणीत होता.

तिनं पंप लिहून दिला.
नसेची समजूत घालत नाही म्हणे तो.
स्नायूच्या दारातला रिसीव्हर
नुसता उचलून बाजूला ठेवतो. बोल म्हणावं किती बोलायचं ते.
आम्हीही करायचो हे,
रविवारी, माशाचं जेवण झाल्यावर.

बसमध्ये मात्र हसू आलं नाही.
बाणस्तारीच्या पुलावर बस अडकली होती
आणि मला हेमावती आठवली.
दोन वर्षांपूर्वी तिचे कान गेले.
"चहा घेतलात?" हे ती
खाडीपलीकडच्या माणसाला विचारावं तसं विचारते.
मे महिन्यात पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो,
हळू बोल, घरात माणसं आहेत.
ओठांवरून कळलं असावं तिला.
नंतर पाहुणे जाईपर्यंत ती
ताटं घासत राहिली, घासलेलीच.

मी लाइनमन. एकतीस वर्षं.
आणि घरातली गुंडाळी मला दिसली नाही.

पूर्वी माझी शीळ सुरू व्हायच्या आत ती उठायची.
आता ऐकूच येत नाही, म्हणून झोपताना
तळहात माझ्या पाठीवर टेकवून ठेवते,
तार जिवंत आहे का बघायला
आम्ही हाताची मागची बाजू लावायचो, तसा नाही;
सबंध तळवा, बोटं पसरून.
काल तीनला तो तळवा हलला.
"वाजतंय!" ती ओरडली.
शेजारच्या आंतोनेतच्या घरात दिवा लागला,
कुत्रं भुंकलं,
खोपीवरून कोंबडा अवेळी आरवला.
मी हळू बोल म्हणालो नाही.
म्हणायला हवाही नव्हती.

तिनं उशाचा पंप काढला, खळखळा हलवला,
आत औषध आहे की संपलं
हे ऐकायला सवयीनं स्वतःच्या कानाशी नेला.
क्षणभर तशीच बसली.
मग माझ्या कानाशी धरला.