डावी बट

बेयोग्लूच्या उतारावर, ट्राम वळते तिथे,
दुसऱ्या मजल्यावर मॅडम आयलाचं सलून.
आयला हे पाटीवरचं नाव.
चर्चमधलं, आईच्या हाकेतलं नाव आगावनी,
म्हणजे कबुतर. ते तिनं मला
तिसऱ्या वर्षी सांगितलं, नळ सोडून,
पाण्याच्या आवाजात.

मी चौदा वर्षांची, कास्तामोनूहून आलेली.
काम म्हणजे केर काढणं, चहा आणणं,
सांडलेल्या पिना चुंबकानं गोळा करणं
आणि ऐकलेलं न ऐकणं.
नट्या बेसिनवर मान मागे टाकत,
आणि मान मागे टाकली की माणसाला खोटं बोलता येत नाही.
कुणाचा नवरा, कुणाचं कर्ज, कुणाला कितवा महिना,
सगळं फेसाबरोबर वाहून जायचं.
मॅडम एवढंच म्हणायची, "निगार, जाळी साफ कर."

त्या मार्चमध्ये बेलमा अर्कायचं शूटिंग होतं.
खाली गाडी हॉर्न देत होती. मॅडम फोनवर.
मला म्हणाली, चिमटा धर. फक्त धर.
मी तापलेला चिमटा धरला.
बेलमाबाई आरशातून माझ्याकडे बघून हसली
आणि मी, गाढव, बघतच राहिले.
आधी वास आला,
कोंबडी भाजताना पिसांचा येतो तसा.
मग डावी बट, चांगली वीतभर,
चिमट्याबरोबर माझ्या हातात.

कुणी ओरडलं नाही. तेच भयंकर होतं.
मॅडमनं फोन ठेवला, हात पुसले.
"बेलमा, किती दिवस सांगतेय,
या लांब केसांनी तू थोराड दिसतेस.
चल, आज सुरुवात झाली."
वीस मिनिटं कात्री.
डावीकडे कानाच्या पाळीपर्यंत, उजवीकडे हनुवटीपर्यंत,
कारण उजवीकडचे आणखी कापायला तिचा जीव होईना.

जूनपर्यंत इझमीरपासून कार्सपर्यंतच्या पोरी
मासिकाचं पान चार घड्या करून आणू लागल्या.
बेलमा कट.
बेकरीवाल्याची मुलगी, न्यायाधीशाची बायको,
एक नवरी, जिची सासू दाराशी उभी राहून रडत होती.
पॅरिसहून एक चषक आला,
त्यात आम्ही कंगवे ठेवायचो.
मुलाखतीत विचारलं, कल्पना कशी सुचली?
मॅडम म्हणाली, "बॉस्फरसवरचा वारा बघून."
हसू दाबताना माझ्या सुपलीतले केस उडाले.

माझ्या मात्र केसालाही धक्का लागला नाही.
पगारातून चिमट्याचे पैसे तेवढे कापले,
तेही दोन हप्त्यांत.

साठेक सिनेमांत तिचं नाव आहे,
केशरचना : आयला. बारीक अक्षरं,
लोक कोट चढवत उठतात तेव्हा येणारी.
पुढे स्टुडिओ बंद पडले, बेलमाबाई गेली,
सलूनच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मॅडम येडीकुलेच्या वृद्धाश्रमात. एक्याऐंशी.
तिचे हात आता कात्रीशिवायच कापतात.
मी रविवारी जाते.
जन्मभर कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही,
परवा तिनं आपणहून अंबाडा सोडला.
"काप."
मी कंगवा ओला केला.
"डावीकडे जरा जास्त घे."
किती?
"तुला नाही तर कुणाला माहीत?"

चहा गार झाला.
खाली पडलेले केस नर्सनं झाडून नेले,
मी उठायच्या आत.
ते मला आवडलं नाही.