सहावा स्क्रू

इम्प्लांट शीटवर सहा स्टिकर,
घाईत चिकटवलेले, तिरके,
एकाच्या कोपऱ्यावर आयोडीनचा पिवळा ठसा.
साडेसहा बाय पंचेचाळीस, टायटॅनियम, लॉट नंबर.
शिवाय दोन रॉड, एक केज.
पाठीच्या कण्याचं हे वाणसामान मी रोज चढवतो बिलात,
जुन्या पादरा रोडवर, तळघरातल्या टेबलाशी,
जिथल्या खिडकीतून वडोदऱ्याच्या फक्त चपला दिसतात.
विचार मराठीत, आकडे गुजरातीत,
टाइप इंग्रजीत.

शुक्रवारी, निघायच्या वेळेला, विमा कंपनीचा मेल:
बिलात सहा. एक्स-रेत पाच.
खुलासा करावा.

फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली.
बोट ठेवून मोजले,
लेकीला मणी मोजायला शिकवले होते तसे.
पाच.
डावीकडे, सगळ्यात खाली,
नुसतं हाड. तेही फिकट,
चहात बुडवलेल्या खारीसारखं.

वर ओटीत गेलो. सिस्टर लिसम्मा हात धूत होती.
म्हणाली, बसवला होता, फिरतच राहिला.
हाडानं धरलाच नाही.
सरांनी काढून ट्रेमध्ये टाकला.
एवढंच. आणि नळ बंद केला.

माझ्याकडे रकाने तीन:
वापरला. वाया गेला. परत केला.
हाडानं धरला नाही, याला कोड नाही.
अकाउंट्सचे मजमुदार म्हणाले,
पाकीट फुटलं की पैसे लागले, शितोळेभाई,
अकरा हजार चारशे काय तुम्ही भरणार?
मी म्हटलं, बघतो.
म्हणजे काही म्हटलं नाही.

शनिवारी कमुबेन आली, डिस्चार्जला,
व्हीलचेअरवर, पट्टा आवळून, ताठ.
वाडीत बत्तीस वर्षं खाखरे शेकले तिनं
वीतभर उंचीच्या पाटावर बसून.
मुलगा खिडकीशी पैसे मोजत होता,
दोन वेगवेगळ्या रुमालांतले.
ती मला म्हणाली,
"भाई, अंदर केटला नाख्या?"

पाच, मी म्हणालो.
पटकन. मजमुदारांच्या समोर.

ती हसली, पट्ट्याच्या आत जेवढं हसता येतं तेवढं.
"पांच तो शुकनना कहेवाय."

मग ओळ खोडावीच लागली.
सप्लायरच्या पोराला तीन फोन केले,
तिसऱ्यात तो म्हणाला, अर्धं सोडतो, साहेबांना सांगू नका.
उरलेल्या अर्ध्याचं सोमवारी बघू.
मजमुदार माझ्याशी बोलत नाहीत,
चहा मात्र पाठवला, दोन साखरेचा,
मी बिनसाखरेचा पितो हे माहीत असून.

स्टिकर नखानं काढायला गेलो.
हे कागद सोडत नाहीत सहजी.
वरचा पापुद्रा घेऊनच निघाला,
लॉट नंबरासकट,
आणि शीटवर राहिला एक खरबरीत पांढरा चौकोन.

खुलासा तिथेच लिहिला:
सहावा रुग्णाच्या अंगात नाही.
खाली सही.
शाई जरा फुटली.